नव्या धानाचा कडता

ब्रह्मपुरी
रविवार, २० नोव्हेंबर १९५५

चि. सौ. वच्छला हिला धुरपताचे आशीर्वाद.

पत्र हातात आल्याबरोबर फाडू नकोस. आधी वाच, मग फाड. तीन वर्षांत मी चार पत्रं टाकली, तुझं एकही आलं नाही. कोरपन्याचं पोस्ट बंद पडलेलं नाही, एवढं मलाही कळतं. तरी हे पाचवं टाकते आहे, कारण बातमीच तशी आहे.

मला आजार निघाला. घाबरू नकोस, मरत नाही. उलट आजार निघाल्याचा इतका आनंद झालेलं माणूस तू पाहिलं नसशील. परवा मी शेजारच्या आशाबाईला हसत हसत सांगितलं, तर ती बिचारी घाबरून माझ्या डोक्यावर हात ठेवून पाहू लागली.

झालं असं. गेल्या महिन्यात आमच्या शाळेत पोरींना क्षयाची लस टोचायला नागपूरहून एक डॉक्टरीणबाई आल्या. पोरी रांगेत रडत होत्या आणि मी त्यांना दटावत होते. बाईंनी सुई हातात तशीच धरली आणि माझ्याकडेच बघत राहिल्या. म्हणाल्या, "मास्तरीणबाई, तुमचा आवाज पहिल्यापासून असाच आहे का?" मी म्हटलं, नाही, चार-पाच वर्षांत असा घोगरा झाला, पोरी मला पाठीमागं बेडूक म्हणतात. मग त्यांनी विचारलं, थंडी फार वाजते का, झोप फार येते का, केस गळतात का, खाणं तेवढंच असून अंग सुटलं का. वच्छला, ती बाई विचारत होती आणि मी नुसती मान हलवत होते. आपल्या घरात राहून गेल्यासारखं तिला सगळं ठाऊक होतं.

शेवटी मला खुर्चीवर गुडघे टेकवून उभं केलं आणि टाचेच्या वर एका छोट्या हातोडीनं ठोकलं. तिसरीच्या सगळ्या पोरी बघत होत्या. पाय झटकन हलून झटकन परत यायला हवा होता म्हणे. माझा हलला, पण परत यायची त्याला काही घाई नव्हती.

पुढं नागपूरला मोठ्या दवाखान्यात जाऊन आले. गळ्यात एक गाठ असते सगळ्यांनाच, थायरॉइड म्हणतात. तिच्यातून रस झिरपतो आणि त्याच्यावर सगळं अंग चालतं. माझी गाठ सुस्तावली आहे. आता रोज सकाळी गोळी घ्यायची, जन्मभर. ही गोळी मेंढ्याच्या गळ्यातली तीच गाठ वाळवून केलेली असते. तुझे भाऊजी सोमवार पाळतात, तर त्यांनी दबकत विचारलं, "सोमवारी चालते का जी?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळी सोमवार ओळखत नाही." तेव्हापासून आमच्या घरी दर सोमवारी एक मेंढा येतो आणि यांना दुसरीकडे बघावं लागतं.

दर महिन्याला वजन करून नागपूरला कळवायचं आहे. आता ब्रह्मपुरीत माणसाचं वजन करायचा काटा कुठून आणू? हे धानगिरणीत दिवाणजी आहेत, म्हणून शेवटी गिरणीतल्या काट्यावर जायचं ठरलं. मुखरू मापारी तुला आठवत असेल, मोठ्या मिशांचा, पहिलं माप टाकताना "एक" न म्हणता "लाभ" म्हणणारा. तो ऐकेचना. "माणूस तोलत नाई बाई. माणसाले तोललं का त्याचं आयुष्य मोजल्यावानी होते. मी धान तोलतो." मी म्हटलं, डॉक्टरचा हुकूम आहे. त्यानं मिशीवरून हात फिरवला आणि मग माझ्या ओटीत पसाभर नवं धान घातलं. म्हणाला, "आता बसा. आता मी धानच तोलून राह्यलो."

हे दाराशी उभे राहिले, कोणी बघायला येऊ नये म्हणून. पारड्याच्या फळीवर मी मांडी घालून बसले, साखळ्या करकरल्या आणि लाजेनं मी डोळे मिटून घेतले. डोळे मिटले तरी कान कुठं मिटतात? समोरच्या पारड्यात दोन मोठी वजनं पडली, ठण्ण, ठण्ण. मग तीन लहान, ठिण ठिण ठिण. मुखरूनं गाण्यासारखी आरोळी दिली, "दोऽन मण!" यांनी दारातूनच चिठ्ठीवर उतरवून घेतलं.

दोन मण, वच्छला. तू मला धान साठवायची ढोली म्हणाली होतीस ते आठवलं. "भरली का झोपली" असंही म्हणाली होतीस. माझ्या घरात, माझ्या चुलीपुढं.

तर आता ऐक. पाच-सहा महिन्यांत वजन उतरेल असं डॉक्टरीणबाई सांगतात. उतरलं की मी कोरपन्याला येईन, तुझ्या अंगणात उभी राहीन आणि विचारीन, कुठं आहे ढोली? मग तुला तो शब्द परत घ्यावा लागेल. मी आळशी नाही, खादाड नाही, मला आजार होता, हे तुला काट्यावर दिसेल. आणि पत्रूच्या बारशाला मी पाळणा घेऊन आले नाही ते शाळेत तपासणी होती म्हणून. हे तेव्हाही सांगितलं होतं, आजही सांगते.

जावईबापूंना नमस्कार. पत्रूला पापा.

धुरपता


ब्रह्मपुरी
रविवार, ८ जानेवारी १९५६

चि. वच्छला,

तुझं उत्तर नाही. बरं. या पाकिटात चिमूटभर तिळगूळ आहे. मला गोड नाही बोललीस तरी चालेल, पत्रूच्या तोंडात टाक.

गोळीच्या गमती ऐक. गेल्या आठवड्यात मी पहाटे पाचला उठले. आपोआप, कोणी न उठवता. स्वयंपाकघरात जाऊन चूल पेटवली. भांडं वाजलं तसे हे अंथरुणातून ओरडले, "कोन हाय तिथी?" मी म्हटलं, मी आहे. तर म्हणतात, "मी कोन?" सहा वर्षांत या घरात त्यांच्या आधी कोणी उठलं नव्हतं. काठी घेऊन आले, बायकोला पाहिलं आणि काठी मागं लपवली. मग चहा पिऊन तिथंच बसून राहिले, कामाला जायचंच विसरले.

घोंगडी सुटली. दोन गोधड्यांपैकी एक आशाबाईला दिली. हाताची कातडी सालीसारखी होती, ती मऊ पडते आहे. आणि पोरींनी बेडूक म्हणायचं सोडून दिलं. परवा कविता म्हणताना वरचा सूर लागला. मी एवढी दचकले की पुढची ओळ विसरले. पोरींनीच ती म्हटली आणि मग सगळ्या हसत सुटल्या, मीही.

एकच गोष्ट जमेना. महिन्यामागे काट्यावर बसले, मुखरू म्हणाला दोन मण. आज पुन्हा बसले, डोळे मिटून, ओटीत पसाभर धान घेऊन. ठण्ण, ठण्ण, ठिण, ठिण. "दोऽन मण!" म्हटलं, मुखरूभाऊ, नीट पाहा. म्हणाला, "बाई, तीस वरसं काटा धरून राह्यलो. माह्या काट्यात खोट नाई." खरंच आहे. आजूबाजूच्या गावांतले लोक त्याच्या शब्दावर धान सोडतात.

डॉक्टरीणबाईंना तेच आकडे कळवले. त्या लिहितात, धीर धरा. मी धरते आहे, पण तुला दिलेला शब्द अडला आहे, म्हणून चुटपुट लागते. खाणं मी निम्म्यावर आणलं. समोर पोपटीच्या शेंगा आल्या तरी हात लावला नाही. तुला माहीत आहे मला पोपटी किती आवडते. यावरून समज.

तुझी,
धुरपता


ब्रह्मपुरी
रविवार, ४ मार्च १९५६

वच्छे,

आज मी हरले.

वजन वाढलं. दोन मण एक शेर. मुखरूनं आरोळी दिली आणि दारात उभ्या असलेल्या यांच्या हातातली पेन्सिल थांबली. घरी येऊन हे एवढंच म्हणाले, "बंद कर ना त्या गोळ्या. तू जशी हायेस तशी मले चालते." भला माणूस आहे. पण मला नाही ना चालत.

मागच्या महिन्यात डॉक्टरीणबाईंचं पत्र आलं होतं. वजन हलत नाही म्हणजे गोळी कमी पडते, दोनाच्या तीन करा. आणि खाली ओळ होती, "गोळ्या नियमाने घेता ना? गोडधोड किती होतं?" इतक्या चांगल्या बाई, पण त्यांनाही वाटलंच. सगळ्यांना शेवटी तेच वाटतं. तीन गोळ्यांनी आता छातीत उखळ कांडल्यासारखं होतं, फळ्यावर लिहिताना खडू थरथरतो. माझं अक्षर तुला माहीत आहे. काल फळ्यावरचा "क" पाहून एका पोरीनं विचारलं, "बाई, हे नवीन अक्षर हाय का?"

तर मी आज विचार केला. अंगात जोर आला, आवाज आला, झोप गेली, ते सगळं मनाचे खेळही असतील. काटा खोटं बोलत नाही. म्हणजे तू म्हणालीस तेच खरं असेल, की अक्का आळशी आहे आणि आजाराचं नुसतं नाव मिळालं. मग कशाच्या जोरावर तुझ्याशी भांडू? माझ्याकडे दाखवायला काही नाही. दाखवायला काही नसलं की माणसाजवळ खरं सांगणं तेवढं उरतं, म्हणून सांगते.

तपासणी नव्हती.

पत्रूच्या बारशाच्या दिवशी मी पाळणा घेऊन सकाळी सात वाजता स्टेशनवर गेले होते. आपल्या गावच्या सुताराकडून करवून घेतलेला सागवानी पाळणा, चार पोपट टांगलेला. माय नाही, म्हणून माहेरचा पाळणा मी न्यायचा होता. गाडीला तास होता. जानेवारीचं कोवळं ऊन बाकावर आलं होतं. मी पाळण्यावर हात ठेवून बसले आणि झोपले. गाडी आली आणि गेली, आणि मी झोपून होते. दुपारी हमालानं हलवलं तेव्हा उठले. तेव्हा तुझ्याकडे बायका जमल्या असतील आणि तू रस्त्याकडे बघत असशील. तू बाळाला लुगड्याच्या झोळीत घातलंस आणि सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, इच्या माहेरी लाकूड मिळत नाही वाटते. हे तूच मला नंतर सांगितलंस.

मला वाटलं, झोप लागली असं कोणाला सांगायचं? कोण मास्तरीण बहिणीच्या बाळाचं बारसं सोडून झोपते? म्हणून तपासणी झाली.

मग महिन्याभरानं तू आलीस आणि म्हणालीस, "अक्का, आमच्या गावच्या सोमाजीनं पाह्यलं तुले. गाडीतून पाह्यलं. बाकावर झोपली होतीस आन् पाळणा बाजूले होता. काऊन खोटं बोलतेस?" आणि मी काय केलं? म्हटलं, सोमाजी दारू पिऊन असेल. गळ्यात माळ घालणारा माणूस तो. त्यावर तू मला ढोली म्हणालीस. मग मी म्हणाले, पाळण्यावाचून पोरं मोठी होत नाहीत का, तुझ्या सासूला लाकूड हवं असेल तर मोळी पाठवते. तू न जेवता गेलीस.

तो शब्द तू परत घेऊ नकोस. माझे मीच परत घेते. सोमाजीला सांग, अक्कानं माफी मागितली आहे. तुझी कशी मागू ते अजून सुचलं नाही.

अक्का


ब्रह्मपुरी
रविवार, २२ एप्रिल १९५६

वच्छे, वच्छे, वच्छे,

आधी पाणी पी. मग सावलीत बस. मग पुढचं वाच, आणि जावईबापूंनाही मोठ्यानं वाचून दाखव.

आज वजनाचा दिवस होता. खरं म्हणजे मी जाणार नव्हते. हेच म्हणाले, एवढ्या वेळेस चाल, नंतर नको. गिरणी उन्हाळ्याची शांत होती, मुखरू एकटाच बसून विडी ओढत होता. त्यानं ओटीत धान घातलं, मी फळीवर बसले, सवयीनं डोळे मिटले. ठण्ण. ठण्ण. मी लहान वजनांची वाट पाहत होते. पडलीच नाहीत. काटा थरथरून थांबला आणि मुखरू ओरडला, "दोऽन मण!"

मी डोळे उघडले. समोरच्या पारड्यात दोन मोठी वजनं होती, बाकी काही नाही. मी तिसरीला बेरीज-वजाबाकी शिकवते, वच्छे. आठ वर्षं शिकवते. आणि मला आज सुचलं.

"मुखरूभाऊ," मी म्हटलं, "दिवाळीनंतर मी बसले होते तेव्हा या दोहोंवर आणखी तीन लहान वजनं टाकली होती ना?"

"टाकली होती ना जी. पाच शेर, दोन शेर आन् एक शेर."

"मग तेव्हाही दोन मण आणि आताही दोन मण?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं जसं मी पोरींकडे पाहते, सोपं गणित चुकल्यावर. "आता, कडता नाई का कापा लागत, बाई? तवा नवं धान होतं. वलं धान. मणामागं चार शेर कडता. पौषात तीन. माघात दोन. शिमग्यानंतर धान खडखडीत वाळते, मंग काय कापाचं?"

तुमच्या कापसाच्या मुलखात काय करतात ठाऊक नाही, म्हणून सांगते. नवं धान ओलं असतं, ओलाव्याचं वजन फुकट भरतं, म्हणून मापारी एकूण वजनातून काही शेर वजा करूनच आकडा पुकारतो. त्याला कडता म्हणतात. पुकारलेला आकडा तेवढा चिठ्ठीवर चढतो. हे तर दारात पाठ करून उभे राहायचे, त्यांनी तेवढाच लिहिला. आणि मुखरूनं पहिल्याच दिवशी शपथेवर सांगितलं होतं की तो माणूस तोलत नाही, धान तोलतो. मग धानाला जो नियम तोच मला. तीस वर्षांचा हात त्याचा, कडता कापल्याशिवाय तोंडातून आकडा निघत नाही.

मी फळीवरच बसून हिशेब केला. साखळ्या हलत होत्या आणि मी बोटं मोजत होते. नोव्हेंबरात दोन मण आठ शेर. जानेवारीत दोन मण सहा. मार्चमध्ये, ज्या दिवशी मी रडत तुला पत्र लिहिलं, दोन मण पाच. आज दोन मण. आठ शेर उतरले, वच्छे! जसजशी मी वाळत गेले तसतसा त्याचा कडता कमी होत गेला, आणि चिठ्ठी मात्र जागची हलली नाही.

मी हसायला लागले. एवढी हसले की फळी झोके घेऊ लागली. हे दारातून आत धावले, "काय झालं? काय झालं?" मी म्हटलं, "मी वलं धान होते जी, आता सुकले." मुखरूला वाटलं त्याच्या हातून काही पाप झालं. बिचारा हात जोडून उभा, "बाई, माणसाले कडता नसते काय?" मी म्हटलं, "असतो भाऊ, पण त्याला कोणी वजा करत नाही." तो म्हणाला, "मंग चुकलं ना माहं." म्हटलं, काही चुकलं नाही, तुमच्या काट्यात खोट नाही. यांना तर काय करावं सुचेना, त्यांनी मुखरूला मिठीच मारली. गिरणीतल्या दिवाणजीनं मापाऱ्याला मिठी मारलेली ब्रह्मपुरीत पहिल्यांदाच घडली असेल.

रात्रीच डॉक्टरीणबाईंना सगळं लिहून टाकणार आहे. तीनच्या पुन्हा दोन गोळ्या करा म्हणतील, म्हणजे माझा "क" परत येईल.

आता खरं ते लिहिते. गिरणीतून घरी येताना हसू आपोआप थांबलं, कारण मला माय आठवली. वैशाखात चुलीजवळ घोंगडी घेऊन बसलेली माय. तिचा घोगरा आवाज. भात करपायचा आणि ती बसल्या जागी झोपलेली असायची, आणि आपण दोघी तोंडावर पदर धरून हसायचो. बाबा म्हणायचे, "इची झोप पाहून कुंभकर्णाले लाज येईन." गावात तिला सगळे आळशी म्हणत होते आणि आपणही म्हणत होतो. मी जास्त म्हणत होते, मी मोठी होते. तू नऊ वर्षांची होतीस तेव्हा ती गेली, तुला कदाचित तिचे गार हात तेवढे आठवत असतील. ते हात आणि माझे हात एकच होते गं. माय आळशी नव्हती, वच्छे. तिच्या शाळेत लस टोचायला कोणी आलं नाही, एवढंच.

हे मला कोणाला तरी सांगायचं होतं, आणि जगात हे सांगावं असं माणूस एकच आहे, तू.

तुझी अक्का


ब्रह्मपुरी
रविवार, १५ जुलै १९५६

लाडके वच्छे,

तुझं कार्ड आलं. पोस्टमननं शाळेतच दिलं. साडेतीन वर्षांनी चार शब्द, आणि खाली नावसुद्धा नाही: "पाळणा अजून आहे का?"

मी ते कार्ड तीनदा वाचलं आणि मग मला अर्थ लागला. वर्गात सातच पोरी होत्या, बाकीच्या शेतात धानाच्या रोवण्याला गेलेल्या. त्या सातजणींना मी सुट्टी दिली. कशाची सुट्टी म्हणून विचारलं, तर म्हटलं, पाळण्याची.

आहे गं पाळणा. आहे. खोटं आता बोलणार नाही, तेव्हा सांगते की एक वर्ष त्यात कांदे होते आणि एक वर्ष पोरींच्या पाट्या. एक पोपट तुटला होता. काल तो सुताराकडून बसवून घेतला. यांनी पाळणा अंगणात नेऊन राखेनं घासला, तेल लावलं, आणि मजबूत आहे का पाहायला स्वतः बसायला निघाले होते. मी वेळेवर पोहोचले.

कोणता महिना लागला? पाय सुजतात का? आणि एक विचारते, रागावू नकोस. हा आजार मायलेकींत, बहिणीबहिणींत उतरतो असं डॉक्टरीणबाईंनी लिहिलं आहे. तुझे हात गार असतात का? झोप आवरत नाही असं होतं का? आवाज? तसं काही वाटलं तर सासूबाई काय म्हणतील याची वाट पाहू नकोस. मला लिही, मी येऊन तुला नागपूरला नेईन. आळशी म्हणून घेण्यात मी सहा वर्षं घालवली आणि मायनं जन्म घालवला. तिसरी नको.

डॉक्टरीणबाईंचं उत्तर सांगायचं राहिलं. त्यांनी दोन गोळ्या केल्या आणि खाली लिहिलं, "चौदा वर्षांच्या डॉक्टरकीत रोग्याचा कडता कापलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मागच्या पत्रातला गोडधोडाचा प्रश्न मी परत घेते." मोठ्या मनाची बाई. मी त्यांना पायलीभर पोहे पाठवले.

अक्का


ब्रह्मपुरी स्टेशन
शनिवार, २० ऑक्टोबर १९५६

वच्छे,

हे पत्र टपालात टाकणार नाही, तुझ्या हातात देणार आहे. बाकावर बसून लिहिते आहे. कोणता बाक ते विचारू नकोस. तोच.

तुझं दुसरं कार्ड पदरात बांधून ठेवलं आहे. "मुलगी झाली. हात गार नाहीत, पोरीच्या मुतानं ओले आहेत. बारसं बावीसला. पाळणा आण. झोपू नको." यांनी वाचलं आणि म्हणाले, "इनं माफ केलं का दम देल्ला?" मी म्हटलं, आमच्या घरी दोन्ही एकच असतं.

बारसं परवा आहे आणि मी आजच निघाले, म्हणून सगळे हसले. हसू देत. गाडीच्या दोन तास आधी स्टेशनवर आले, तर स्टेशनमास्तर म्हणाले, बाई, एवढ्या लवकर? मी म्हटलं, माझी मागची गाडी चुकली आहे. त्यांनी विचारलं, कधीची? सांगितलं, त्रेपन्नची.

पाळणा मुखरूनं डोक्यावरून आणला. काट्यावर ठेवून तोलायचा त्याला फार मोह झाला होता, मी होऊ दिला नाही. जाता जाता त्यानं पाळण्यात पसाभर धान टाकलं, यंदाचं, पहिल्या कापणीचं. "पोरीसाठी हाय," म्हणाला. "आन् कडता नाई कापला."

माझं वजन तू विचारणार, म्हणून आधीच सांगते. एक मण चौतीस शेर, निव्वळ. फार बारीक झाले असं समजू नकोस. लग्नातल्या चोळ्या काही येत नाहीत आणि आता येणारही नाहीत, गोळी गाठीचं काम करते, वयाचं नाही. पण गिरणीच्या चढावर मी थांबत नाही. पावसाळ्यात पोरींबरोबर एक दिवस रोवण्याला गेले आणि गाणं मी सांगितलं, बाकीच्यांनी झेललं. तुझ्या अंगणात येऊन "कुठं आहे ढोली" म्हणणार होते, आता तसं काही म्हणणार नाही. तू हवं तर ढोली म्हण, मी ओ देईन.

तुझ्या सासूबाईंच्या हातात पाळणा मीच देणार आहे आणि तोंडानं सांगणार आहे की मागच्या वेळी झोपले होते, आजारी होते, ठाऊक नव्हतं. सोमाजीच्या घरीही जाईन. जन्मलेल्या पोरीचं नाव तुम्ही काय ठेवाल ते ठेवा, पण मायचं नाव कोणाला सुचलं तर मी नाही म्हणणार नाही. रुखमा. चांगलं नाव आहे, आपण ते कधी धड उच्चारलं नाही.

ऊन बाकावर आलं आहे. तसंच कोवळं आहे, पाठीवर छान लागतं. शेजारी एक बाई पोराला मांडीवर घेऊन पेंगते आहे. तिला मी विचारून ठेवलं आहे, कुठं जायचं? मूल गावाला म्हणाली. गाडी आली की तिलाही उठवीन.

हमाल उठून उभा राहिला. सिग्नल पडला. पाळण्याचे पोपट वाऱ्यानं हलू लागले आहेत, चारही. लिहिणं आवरते, दोन्ही हात लागतील.

गाडी दिसते आहे, वच्छे. मी जागी आहे.